मांडणे आणि उचलणे : उघड्यावरच्या कलेची एक कसोटी

१

गेल्या काही दशकांत मराठी कलासमीक्षेत ‘मांडणशिल्प’ हा शब्द बराच रूढ झाला आहे. कोणी तो ‘मांडणीशिल्प’ असाही लिहितात. पाश्चात्त्य कलाविचारातील ‘इन्स्टॉलेशन’ या संज्ञेस पर्याय म्हणून तो घडविण्यात आला, हे उघड आहे. या प्रकारातील ज्या कृती दालनाबाहेर, म्हणजे रानात, नदीकाठी, गावाच्या मोकळ्या जागेत उभ्या केल्या जातात, त्यांच्याविषयी आजकाल एक विधान वारंवार वाचावयास मिळते. ते असे की, या कृती समाजाला निसर्गाशी जोडतात. प्रस्तुत लेखाचा विषय हे विधान हाच आहे. ते कोणत्या अटींवर खरे ठरते आणि कोठे केवळ शोभेचे वाक्य होऊन राहते, याचा विचार येथे करावयाचा आहे; आणि तो करण्यासाठी यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातील ढाणकी व तिच्या आसपासचा मुलूख समोर ठेवावयाचा आहे.

कलेच्या प्रश्नाकडे भाषाशास्त्राच्या वाटेने जाणे कित्येकांस आडवळणाचे वाटेल. परंतु एखाद्या परभाषीय संज्ञेस आपण जो प्रतिशब्द देतो, तो मूळ संज्ञेचा अर्थ जसा आणतो तसाच आपल्या भाषेतील जुना संसारही बरोबर घेऊन येतो. ‘मांडणशिल्प’ या शब्दाच्या बाबतीत हेच झाले आहे, आणि त्याकडे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही.

२

इंग्रजी शब्दाचे मूळ मध्ययुगीन लॅटिनमध्ये आहे. धर्मपीठातील अधिकाऱ्यास त्याच्या नेमलेल्या आसनावर विधिपूर्वक बसविणे, असा त्या क्रियापदाचा प्रारंभीचा अर्थ. आसन, अधिकार आणि स्थिरता या तिन्ही कल्पना त्यात आहेत. पुढे यंत्रे बसविण्यासही तोच शब्द लागू झाला, व विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो कलेत आला. संस्कृतात याच्या जवळ जाणारा शब्द ‘स्थापना’ हा होय. मराठी लेखकांनी ‘स्थापनाशिल्प’ असा शब्द सहज केला असता. त्यांनी तसे केले नाही; त्यांच्या हाती ‘मांडणे’ हे घरगुती क्रियापद आले.

आता ‘मांडणे’ या क्रियापदाचा मराठीतील व्यवहार पाहावा. आपण पाट मांडतो, ताटे मांडतो, पूजा मांडतो, डाव मांडतो, दुकान मांडतो, चूल मांडतो, हिशेब मांडतो, संसार मांडतो. या सर्व प्रयोगांत तीन गोष्टी समान आहेत. पहिली अशी की, मांडली जाणारी वस्तू बहुधा आधीच अस्तित्वात असते. मांडणारा तिला घडवीत नाही, तिला क्रम देतो. दुसरी अशी की, मांडणे हा आरंभ असतो. पाट मांडला की जेवण व्हावयाचे असते, डाव मांडला की खेळावयाचे असते. म्हणूनच ‘छळ मांडला’, ‘रडगाणे मांडले’ अशा प्रयोगांत या क्रियापदास निव्वळ आरंभाचा अर्थ आलेला दिसतो. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. प्रत्येक मांडण्याला जोडीचे दुसरे क्रियापद असते. ताटे उचलतात, पूजा उतरवितात, डाव मोडतो, दुकान आवरतात. जे उचलावयाचे नाही, त्याला मराठी माणूस ‘मांडले’ म्हणत नाही. ‘बांधले’ किंवा ‘उभारले’ म्हणतो. घर बांधतात, देऊळ उभारतात, संसार मात्र मांडतात. कारण तो मोडू शकतो याची जाणीव त्या शब्दातच आहे.

गोव्यात व दक्षिण कोकणात ‘मांड’ हे नाम प्रचारात आहे. शिगमा, धालो यांसारखे खेळ ज्या सारवलेल्या, पवित्र मानलेल्या मोकळ्या जागेत होतात, ती जागा म्हणजे मांड. हा शब्दही याच धातूच्या घराण्यातला मानण्यास हरकत नाही. वर्षातील बहुतेक दिवस ती जागा रिकामीच दिसते. तिला मांड म्हणतात ते तेथे ठरलेल्या दिवशी काही घडते म्हणून.

तात्पर्य, ‘मांडणशिल्प’ हा शब्द स्वीकारताना मराठीने नकळत एक कसोटीही स्वीकारली आहे. मांडलेल्या गोष्टीविषयी मराठी मन तीन प्रश्न विचारते : कोणी मांडली, कशाकरिता मांडली, आणि उचलणार कोण. ‘स्थापने’विषयी हे प्रश्न उद्भवत नाहीत. उघड्यावरच्या कलाकृतीचे मूल्यमापन या तीन प्रश्नांनी करावे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

३

ढाणकी हे उमरखेड तालुक्यातील बाजाराचे गाव. दक्षिणेस पैनगंगा वाहते आणि तिच्या पलीकडे नांदेड जिल्हा सुरू होतो. ही नदी म्हणजे वऱ्हाड आणि मराठवाडा यांच्यामधली जुनी सीमा. एका बाजूस कापसाची काळी जमीन, दुसऱ्या बाजूस सागाचे रान; त्या रानाचा मोठा भाग आज सुमारे ३२५ चौरस किलोमीटर क्षेत्राच्या पैनगंगा अभयारण्यात मोडतो. अभयारण्यातील व त्याच्या कडेच्या गावांना मिळून ‘बंदी भाग’ म्हणतात. या टापूत शेतकरी जातींबरोबरच आंध आदिवासींची गावे आहेत, बंजाऱ्यांचे तांडे आहेत. वऱ्हाडी, मराठवाडी वळणाची मराठी आणि गोरमाटी या बोली एकाच बाजारात ऐकू येतात. अशा प्रदेशात उघड्यावर काय मांडले जाते, हे पाहू लागले म्हणजे प्रथम तीन गोष्टी डोळ्यांसमोर येतात.

पहिली अर्थातच पोळा. श्रावण अमावास्येस गावाच्या मोकळ्या जागेत तोरण बांधतात, आणि शिंगे रंगविलेले, झुली घातलेले बैल त्याच्याखाली ओळीने उभे करतात. आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूपहळदीने मळून त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आमंत्रण द्यावयाचे असते. दृश्यकलेच्या भाषेत बोलावयाचे तर या मांडणीत रंग आहे, रेषा आहे, अवकाशाची विभागणी आहे, आणि जिवंत प्राण्यांचा वापर आहे. परंतु भाषा जे सांगते ते अधिक मार्मिक आहे. पोळा ‘भरतो’ आणि पोळा ‘फुटतो’. तोरण बांधले जाते ते तुटण्यासाठी. बैल ओळीत उभे राहतात ते ओळ मोडून घरोघर ओवाळून घेण्यास जाण्यासाठी. पोळा फुटण्याचा क्षण हा या मांडणीचा कळस होय. एखाद्या चित्रकाराने ती ओळ तशीच टिकवून धरली, तर तो पोळा होणार नाही. पोळ्याचे चित्र होईल.

या तोरणाखाली झडत्या म्हटल्या जातात. प्रमाण मराठीत ‘झडती’ म्हणजे कसून घेतलेला शोध. विदर्भाच्या बोलीत पोळ्याच्या वेळी मोठ्याने म्हणावयाची पद्यरचना. महादेव-पार्वतीच्या नमनाबरोबरच कापसाचा भाव, सावकार, पुढारी, गावातील कंजूष असा कोणताही विषय तिला वर्ज्य नाही, आणि शेवटी सर्वांनी मिळून महादेवाचा गजर करावयाचा असतो. दोन्ही अर्थ व्युत्पत्तीने एक असोत वा नसोत, व्यवहारात ही रचना गावाची झडतीच घेते. म्हणजे येथे दृश्य मांडणीला शब्दाची जोड आहे, आणि तो शब्द स्तुतीपुरता मर्यादित नाही. विदर्भातील अनेक गावांत पोळ्याला दारापुढे पळसाच्या डहाळ्या ठेवतात. दुसऱ्या दिवशी पहाटे रोगराई व पीडा यांना निघून जाण्यास सांगत त्या शिवेबाहेर नेऊन टाकतात. याच दिवशी नागपुरात काळ्या व पिवळ्या मारबतींची मिरवणूक निघते आणि शेवटी त्यांचे दहन होते. गावातली पळसाची डहाळी आणि शहरातला भव्य पुतळा यांच्यात आकाराचा फरक आहे, व्याकरणाचा नाही. दोन्ही काढून टाकण्यासाठीच मांडलेल्या आहेत.

दुसरी गोष्ट कापूसवेचणीच्या आरंभी होणारी ‘सीतादही’. शेतात पहिला कापूस फुटला की पऱ्हाटीच्या बुडाशी दगड मांडून त्यांची पूजा करतात आणि दहीभात शेतात शिंपडतात. त्यानंतर वेचणीस हात लागतो. ही मांडणी इतकी लहान आहे की शेजारच्या धुऱ्यावरूनही दिसू नये. तिला प्रेक्षक नाही. परंतु तिच्या नावात एक फार जुना थर दडलेला आहे. वैदिक संस्कृतात ‘सीता’ म्हणजे नांगराने पडलेले तास, आणि त्या तासाची देवता. रामकथेतील सीता नांगराच्या तासात सापडली, ही कथाही त्याच अर्थाशी नाते सांगते. आज वेचणी करणाऱ्या स्त्रीला सीतादहीतील सीता रामाचीच वाटते, आणि तिला तसे वाटणे योग्यच आहे. याच जिल्ह्यात राळेगाव तालुक्यातील रावेरी येथे सीतेचे स्वतंत्र मंदिर आहे, आणि शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी त्याचा जीर्णोद्धार घडवून आणला. परंतु जमिनीच्या तासालाच देवता मानणारी दृष्टी त्या नावात अजून वावरते. ही मांडणी उचलावी लागत नाही. दहीभात पाखरे खातात, दगड पुन्हा धुऱ्यावर जातात, आणि कापूस घरी येतो.

तिसरी गोष्ट बंजारा तांड्यांवरील तीज. श्रावणात अविवाहित मुली टोपल्यांत माती व खत घालून त्यात गहू पेरतात, रोज पाणी घालतात, त्यांच्याभोवती गाणी म्हणत फेर धरतात, आणि ठरलेले दिवस भरले की ते पिवळसर हिरवे अंकुर वडीलधाऱ्यांना देऊन उरलेले पाण्यात सोडतात. तीज हे मुलीच्या माहेरपणाचे व पुढे होणाऱ्या ताटातुटीचेही रूपक आहे, असे तिच्यातील बोळवणीच्या गाण्यांवरून दिसते. ‘बोळवणे’ हा शब्द येथे हेतुतः वापरला आहे. मराठीत लेकीला बोळवतात, गौरीला बोळवतात. मांडणे आणि बोळवणे यांच्या मधल्या काळात मांडलेली वस्तू घरचे माणूस झालेली असते.

या तिन्ही मांडण्यांमध्ये समाज आणि निसर्ग यांना ‘जोडण्या’ची भाषा कोठेही नाही. किंबहुना ‘निसर्ग’ हा शब्दच या व्यवहारात येत नाही. येथे वावर आहे, धुरा आहे, रान आहे, नदी आहे, पाऊसपाणी आहे. ‘निसर्ग’ हा संस्कृत शब्द मूळचा ‘उत्पत्ती’ किंवा ‘अंगभूत स्वभाव’ या अर्थाचा. झाडे, डोंगर, नद्या यांचा एकवटलेला समुच्चय हा त्याचा अर्थ आधुनिक मराठीत इंग्रजी शब्दाच्या सहवासाने दृढ झाला. जो माणूस या समुच्चयाच्या बाहेर उभा राहून त्याच्याकडे पाहतो, त्यालाच तो एका शब्दात सांगता येतो, आणि त्यालाच त्याच्याशी जोडून घेण्याची गरज भासते. वावरात उभ्या असलेल्या माणसाला त्या शब्दाचे काम पडत नाही.

४

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो रास्त आहे. ग्रामीण विधींचा असा गौरव करणे हे शहरातील विद्वानांस सोपे जाते. त्या विधींतील विषमतेकडे मात्र त्यांचे दुर्लक्ष होते. पोळ्याच्या तोरणाखाली मानाचा बैल कोणाचा, तोरण प्रथम कोणी ओलांडावयाचे, यावरून गावोगाव तंटे झाले आहेत. ज्याच्याकडे जमीन नाही व बैल नाही, तो मजूर त्या ओळीबाहेर उभा राहतो. बैलाला ओवाळणारी स्त्री तोरणाखाली सहसा नसते. म्हणजे जी मांडणी गावाला एकत्र आणते, तीच गावाची उतरंडही सर्वांच्या डोळ्यांसमोर मांडून दाखविते. सीतादहीचा विधी वेचणाऱ्या स्त्रियांचा असला तरी शेताची मालकी त्यांची असतेच असे नाही.

आक्षेपाचा दुसरा भाग काळाविषयीचा आहे. २०१२ व २०१९ या दोन पशुगणनांच्या दरम्यान देशातील गोवंशातील नरांची संख्या सुमारे ३० टक्क्यांनी घटली. ट्रॅक्टरने बैलाची जागा घेतली, आणि ती शेतकऱ्याने मूर्खपणाने दिलेली नाही. वर्षभर बैलजोडी पोसणे ज्याला परवडत नाही, त्याने ती विकली. कोरडवाहू कापसाच्या ज्या जिल्ह्याचे नाव गेली कित्येक वर्षे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर घेतले जाते, त्या जिल्ह्याविषयी बोलताना परंपरेच्या नावाने गहिवरणे शोभणारे नाही. तोरणाखालची ओळ आखूड होत जाणे, ही केवळ सांस्कृतिक घटना नाही.

हा आक्षेप मान्य करूनही मूळ मुद्दा उरतोच. या मांडण्या निर्दोष आहेत म्हणून त्या आदर्श मानावयाच्या, असे येथे सुचवावयाचे नाही. त्यांच्यात मांडणारा, हेतू आणि शेवट ही तिन्ही पदे जागेवर असल्यामुळे त्यांतील अन्यायदेखील दिसतो आणि त्याच्याशी भांडता येते. मानाच्या बैलावरून वाद होऊ शकतो, कारण तो मान कोणाचा तरी आहे; आणि झडतीतून त्याची चेष्टाही होऊ शकते. ज्या कलाकृतीला कर्ताच नाही, जी कोणत्याशा योजनेच्या निधीतून चौकात येऊन उभी राहते, तिच्याशी भांडावयाचे कोणी आणि कसे?

महाराष्ट्रातील अनेक गावांच्या चौकांत आता सिमेंटची बैलजोडी, सिमेंटचा नांगरधारी शेतकरी, लोखंडी पत्र्याची झाडे व पाखरे, किंवा गावाच्या नावाची रंगीत दिव्यांची अक्षरे उभी असतात. त्यांतील काहींची घडण चांगलीही असते. पण त्यांच्याजवळ करावयाचे असे एकच काम असते, ते म्हणजे स्वतःचे छायाचित्र काढणे. सिमेंटचा पोळा भरलेलाच राहतो. तो कधी फुटत नाही. वस्तुतः ही मांडणशिल्पे नव्हेत. जुन्या ‘स्थापने’चाच हा प्रकार आहे, आसनावर अधिकाऱ्याच्या ऐवजी बैल बसविला आहे इतकेच.

५

हीच कसोटी परदेशी व अन्य भारतीय कृतींना लावून पाहणे आवश्यक आहे. अन्यथा ती केवळ आपल्या गावच्या अभिमानातून काढलेली ठरेल.

अमेरिकन शिल्पकार रॉबर्ट स्मिथसन याने १९७० साली युटा राज्यातील ग्रेट सॉल्ट लेक या खाऱ्या सरोवरात काळा दगड व माती यांचा सुमारे १,५०० फूट लांबीचा सर्पिल बांध घातला. भूमिकलेच्या इतिहासात या कृतीस फार मोठे स्थान आहे, आणि ते यथार्थ आहे. पाण्याची पातळी वाढल्यावर ती बरीच वर्षे बुडाली, पुढे पुन्हा वर आली, व तिच्यावर मिठाचे पांढरे थर चढले. तिचा शेवट निसर्गाच्या हाती सोपविला आहे. परंतु मांडणारा एकटा आहे आणि तेथे करावयाचे असे कोणतेही सामूहिक काम नाही. काळ आणि झीज यांविषयीचे ते गंभीर चिंतन आहे. समाजाला निसर्गाशी जोडण्याचे श्रेय मात्र त्यास देता येणार नाही, आणि स्मिथसनची थोरवी त्यावर अवलंबूनही नाही.

१९८२ साली अ‍ॅग्नेस डेनेस या कलावतीने न्यूयॉर्कमधील मॅनहॅटनच्या दक्षिण टोकास, भराव टाकून तयार केलेल्या दोन एकर जमिनीवर गहू पेरला आणि ऑगस्टमध्ये तो कापला. जगातील सर्वांत महागड्या जमिनींपैकी एकीवर, मोठमोठ्या वित्तसंस्थांच्या इमारतींच्या छायेत, ओंब्या डोलल्या. येथे क्रियापदे पूर्ण आहेत : पेरणे, राखणे, कापणे. त्या गव्हाचे दाणे पुढे एका फिरत्या प्रदर्शनाबरोबर जगातील अनेक शहरांत गेले. तीजेच्या टोपलीशी या कृतीचे नाते लगेच ध्यानात येते. दोन्हींत गहू हा खाण्यासाठी नाही, आठवणीसाठी आहे. फरक इतकाच की, तांड्यावरील मुलीला पुढील श्रावणात पुन्हा टोपली भरावयाची असते. मॅनहॅटनच्या त्या जमिनीवर नंतर इमारती उभ्या राहिल्या. डेनेसची कृती ही एक मर्मभेदी झडती होती, परंतु तिला कालगणनेत जागा मिळाली नाही.

याच वर्षी जर्मनीतील कासेल शहरात योझेफ बॉइस याने सात हजार ओक वृक्षांचा उपक्रम आरंभिला. संग्रहालयापुढे बेसाल्टच्या सात हजार शिळांचा ढीग टाकण्यात आला, आणि अट अशी घालण्यात आली की शहरात एक झाड लावल्याखेरीज ढिगातील एक शिळा हलवावयाची नाही. शिळा त्या झाडाशेजारी उभी करावयाची. ढीग दृष्टीस खुपत होता, आणि तो नाहीसा करण्याचा एकच मार्ग होता. बॉइस १९८६ मध्ये मरण पावला; १९८७ मध्ये शेवटचे झाड लागले. या कृतीत ‘उचलणे’ हेच मुख्य कर्म आहे. मांडणी कलावंताची, उचलणे नागरिकांचे, आणि दोहोंच्या मधून वाढले ते झाड. मराठी ‘मांडणे’ या क्रियापदाचा संपूर्ण अर्थ ज्या मोजक्या पाश्चात्त्य कृतींत उतरला आहे, त्यांत हिची गणना करावी लागेल.

आपल्या अधिक जवळचे उदाहरण बस्तरमधील आहे. मुंबईच्या चित्रकर्त्री नवजोत अल्ताफ यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीपासून कोंडागाव येथे राजकुमार कोराम, शांतीबाई आदी स्थानिक कलावंतांबरोबर काम केले. त्यांतून ‘नलपार’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जागा तयार झाल्या. हातपंपाभोवतीची चिखलाची, दुर्लक्षित जागा घेऊन तेथे ओटा, घडा टेकविण्यासाठी सोयीचे टप्पे, सांडलेले पाणी वाहून नेणारी वाट, आणि भिंतींवर स्थानिक आकृती अशी रचना करण्यात आली. पाणी भरणाऱ्या स्त्रियांस घडा उचलताना कमी वाकावे लागावे, हा विचार तिच्या आकारातच आहे. त्या प्रदेशातील हलबी भाषेस ग्रिअर्सनने आपल्या भारतीय भाषांच्या पाहणीत मराठीच्या खंडात घातले होते. ते वर्गीकरण पुढे वादग्रस्त ठरले तरी दोन्ही भाषांचा शेजार खरा आहे. ‘पार’ हा शब्द कानी पडताच मराठी वाचकास वडापिंपळाभोवतीचा गावचा पार आठवेल. दोन्ही शब्द मुळात एकच आहेत असे येथे गृहीत धरण्याचे कारण नाही. परंतु अर्थाची सावली पडतेच. पार हा पुरुषांच्या बैठकीचा, नलपार स्त्रियांच्या कामाचा. जुन्या मांडणीत ज्यांना ओळीबाहेर राहावे लागले, त्यांच्यासाठी नव्या मांडणीने जागा केली. येथे आधुनिक कला परंपरेच्या एक पाऊल पुढे गेली आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

याउलट एक उदाहरण असे की, ज्यात दोन्ही बाजूंस थोर कलावंत असूनही समाज बाजूस राहिला. २००३ साली इंग्रज कलावंत रिचर्ड लाँग डहाणू परिसरातील वारली मुलखात आला. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्या कामाबरोबर त्याच्या कृती जर्मनीत ड्युसेलडॉर्फ येथे ‘संवाद’ या अर्थाच्या शीर्षकाखाली मांडण्यात आल्या. एकाने आयुष्यभर चालत जाऊन जमिनीवर रेषा उमटविल्या, दुसऱ्याने तांदळाच्या पांढऱ्या रेषांनी रान, माणसे व पाखरे रेखाटली. दोघांच्या रेषांमधील साम्य डोळ्यांस सुखविणारे आहे. परंतु वारल्यांचा लग्नचौक भिंतीवर लिहिला जातो तो सवाशिणींच्या हातांनी, लग्नापुरता, आणि धवलेरीच्या गाण्याच्या सोबतीने. तो संवाद या प्रदर्शनात असणे शक्य नव्हते. तेथे भेटल्या त्या दोन सह्या.

६

या तुलनेतून निघणारा निष्कर्ष थोडक्यात असा. उघड्यावर ठेवलेली कृती आकाराने, सामग्रीने वा विषयाने निसर्गाजवळची असली म्हणजे ती समाजाला निसर्गाशी जोडते, हे खरे नाही. दगड, माती, पाने वापरल्यानेही ते साधत नाही. ती कृती ऋतूत केव्हा येते, तिच्यापाशी कोणाला काय करावे लागते, आणि तिचा शेवट कोणाच्या हातून होतो, यावर ते ठरते. हे तिन्ही प्रश्न ज्या कृतीस विचारता येतात ती मांडणी. ज्या कृतीस विचारताच येत नाहीत ती स्थापना. स्थापनेलाही कलेत स्थान आहे. मात्र तिने मांडणीचे नाव घेऊ नये, आणि तिच्या गौरवार्थ मांडणीची फळे सांगू नयेत.

ढाणकी परिसरापुरते बोलावयाचे तर हा प्रश्न केवळ परिभाषेचा राहत नाही. ‘बंदी भाग’ या नावातील पहिला शब्द ऐकणाऱ्यास मज्जावाचीच आठवण देतो. अभयारण्याची सीमा आखली गेली म्हणजे कालपर्यंत जे रान होते ते वन्यजीवांचे संरक्षित क्षेत्र होते. सरपण, मोहफूल, गुरांची चराई यांचे प्रश्न अर्जाचे विषय होतात. हे संरक्षण आवश्यक नाही असे कोणीही म्हणणार नाही. परंतु ज्या माणसांचे रानाशी असलेले रोजचे नाते नियमाने मर्यादित झाले आहे, त्यांच्या वाटेवर निसर्गप्रेमाचा संदेश देणारे लाकडी हरीण उभे करणे, हा त्यांच्याशी संवाद नव्हे. अशा ठिकाणी कलावंताने काम करावयाचे असेल तर आरंभ पाणवठ्यापासून, गुरांच्या वाटेपासून, तीजेच्या टोपलीपासून करावा लागेल. आणि आपली मांडणी उचलण्याचा अधिकार प्रथमच त्या लोकांच्या हाती द्यावा लागेल. नलपाराचे उदाहरण हे अशक्य नाही असे सांगते.

विभागातील विद्यार्थ्यांसाठी एक सूचना करून हा लेख संपविणे योग्य होईल. विदर्भातील झडत्या, सीतादहीच्या वेळी स्त्रियांच्या तोंडी येणारे शब्द, तीजेची गोरमाटी गाणी, पोळ्याच्या साजाची नावे, बैलाच्या रंगाशिंगांवरून पडलेल्या संज्ञा यांचा संग्रह करताना आपण बहुधा नामे टिपतो. मठाटी, झूल, वेसण, कासरा अशी यादी होते, आणि कोशात तिची भर पडते. ते काम मोलाचे आहेच. परंतु प्रत्येक वस्तूबरोबर तिची क्रियापदे टिपावीत : ती कशी मांडतात, कशी बांधतात, कोण सोडतो, कोठे नेऊन ठेवतात, आणि त्या कर्माला गावात काय म्हणतात. वस्तू संग्रहालयात ठेवता येते, तिचे नाव कोशात ठेवता येते. क्रियापद मात्र ते करणाऱ्या माणसाबरोबरच जाते. ज्या वर्षी एखाद्या गावात पोळा भरणार नाही, त्या वर्षी ‘पोळा फुटला’ हे वाक्यही त्या गावातून जाईल. मग त्याच्या जागी जे काही उभे केले जाईल, ते चांगले की वाईट हे सांगण्याचे मापही आपल्यापाशी उरणार नाही.